‘स्माइल’ (2022) : रोझचं कुणी ऐकत का नाही?

सावनी:

आधीच सांगते, पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे, अगदी शेवटासकट. सिनेमात आत्महत्येची दृश्यं आहेत आणि इथेही त्यांचा उल्लेख येणार. ज्यांना हा विषय सध्या जड जाईल त्यांनी धागा इथेच सोडावा.

‘स्माइल’चा विषय निघाला की सगळे त्या हसऱ्या चेहऱ्यांबद्दल बोलतात. हनुवटी खाली, नजर वर रोखलेली, ओठ ताणलेले. त्या चेहऱ्यांनी मीही दचकले. पण मला खरी धडकी भरली ती सुरुवातीच्या तपासणीच्या खोलीत, तेही ते हसू दिसण्याच्या आधी.

रोझ कॉटर (सोसी बेकन) इस्पितळाच्या मनोविकार विभागात तातडीचे रुग्ण बघते. तिच्यापुढे लॉरा वीव्हर येते, पीएचडी करणारी मुलगी. थोड्याच दिवसांपूर्वी तिच्या प्राध्यापकांनी तिच्या डोळ्यांदेखत जीव दिलाय. लॉरा सांगते की तेव्हापासून मला काहीतरी दिसतं. ते माणसांचे चेहरे मुखवट्यासारखे घालून येतं. ओळखीच्यांचे, अनोळखी लोकांचे. आणि मी मरणार आहे.

रोझ वाईट डॉक्टर नाही, हे लेखक-दिग्दर्शक पार्कर फिनने फार विचारपूर्वक केलंय. तिचा आवाज मऊ आहे, ती लॉराला तोडत नाही, उलट धीर देते. फक्त ऐकता ऐकता तिचं निदान ठरून गेलेलं असतं, आणि लॉराला ते समोर बसून दिसत असतं. ती जितकी जीव तोडून सांगते तितकी जास्त आजारी वाटत जाते. मग ती किंचाळत खाली कोसळते. रोझ भिंतीवरच्या फोनकडे धावते, मदत मागवते. त्या काही क्षणांत तिची लॉराकडे पाठ असते. ती वळते तेव्हा लॉरा उभी असते. हसत. हातात फुटलेल्या भांड्याचा तुकडा.

लॉरा तिच्यासमोरच जीव देते, आणि लॉराला जे दिसायचं ते आता रोझला दिसू लागतं. यानंतरचा पूर्ण सिनेमा म्हणजे रोझ लॉराच्या खुर्चीत बसते. होणारा नवरा ट्रेव्हर, बहीण होली, वरिष्ठ डॉक्टर देसाई, स्वतःची जुनी थेरपिस्ट मॅडलिन, सगळ्यांना ती सांगून बघते. आणि सगळे तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतात. तू दमली आहेस. तू फार मोठा धक्का पचवते आहेस. थोडी सुट्टी घे. शिव्या कुणीच देत नाही, दारही कुणी आपटत नाही. सगळे तिची काळजी घेत घेत तिच्यापासून लांब होत जातात.

शेवटी कळतं की ही गोष्ट लॉरापासून सुरूच झालेली नाही. लहानपणी रोझला आई पलंगावर मेलेली सापडली असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात आई तेव्हा जिवंत होती. गोळ्या घेतल्या होत्या आणि मुलीकडे मदत मागत होती. घाबरलेल्या पोरीने दार लावून घेतलं. म्हणजे आपल्या माणसाची हाक न ऐकणारी पहिली रोझच. दहा वर्षांच्या पोरीला त्याबद्दल कोण दोष देईल? पण ती स्वतः आयुष्यभर देत आली आहे, आणि ते जे काही आहे ते बरोबर तिथूनच आत शिरतं.

माझं म्हणणं इतकंच की हा सिनेमा भुताचा जेवढा आहे त्याहून जास्त ऐकण्याचा आहे. तुम्हाला काय वाटलं? आणि शेवट पटला का?

काजवा:

शेवट पटला की नाही ते नंतर, आधी आवाजाबद्दल बोला! ते संगीत आहे की दुखण्याचा ठणका आहे? हेडफोन लावून बघितला आणि अर्ध्यात काढून ठेवले.

घुमट:

काजवा, संगीत क्रिस्टोबाल तापिया दे वीरचं. ‘द व्हाइट लोटस’ या मालिकेच्या पहिल्या तीन सीझनचंही त्याचंच. माणसाचा गळा आहे की यंत्र, हे कळू न देण्यात त्याचा हातखंडा आहे. या सिनेमात कित्येक ठिकाणी तुम्ही सूर ऐकताय की रोझच्या घरातलाच कुठला आवाज, हे ठरवता येत नाही. म्हणजे तिची जी अडचण तीच तुमची.

सावनी, तुमच्या मुद्द्याला धरून कॅमेऱ्याबद्दल थोडं. दोन गोष्टी सतत होतात. एक तर रोझ एकटी असताना तिच्या मागे भरपूर मोकळी जागा सोडलेली असते. अंधारी दारं, जिन्याची कड, स्वयंपाकघराचा लांबवर दिसणारा कोपरा. बऱ्याचदा तिथे काहीच नसतं. आपण मात्र तिथेच बघत राहतो, तिच्या चेहऱ्याकडे नाही. आणि दुसरं, अधूनमधून शहर, रस्ता, गाडी यांची वरून घेतलेली दृश्यं हळूहळू उलटी होत जातात. जमीन वर, आभाळ खाली. संवाद एक शब्दाचाही नाही, पण तिच्या पायाखालचं काय झालंय ते समजतं.

मला सगळ्यात भारी वाटलेला प्रसंग मॅडलिनचा. थेरपिस्ट घरी आलेली असते, समोर बसून शांतपणे बोलत असते. रोझ पहिल्यांदाच जरा सैल होते. आणि फोन वाजतो. फोनवर मॅडलिन. खरी मॅडलिन. रोझ कानाला फोन लावून समोर बघते, आणि समोरची बाई गप्प होऊन तिच्याकडे बघत असते. इथे लेखकाने काय केलंय बघा. जिच्यापाशी मन मोकळं करायचं ती एकच जागा उरली होती, तिचाच चेहरा त्याने घेतला. आता यापुढे कुणी तिच्याशी मायेने बोललं तरी ती विश्वास कसा ठेवणार? इतका वेळ लोक तिच्यावर विश्वास ठेवत नव्हते. इथून पुढे तिलाही कुणावर ठेवता येत नाही.

रातराणी_:

+१. फोनच्या प्रसंगाला मी उठून दिवा लावला.

अस्मि:

मी वेगळं बोलणार आहे, आणि मनापासून बोलणार आहे.

सिनेमा उत्तम बनवलाय यात वाद नाही. पण मला तो निर्दय वाटला. माझ्या अगदी जवळच्या व्यक्तीने मोठ्या आजारपणातून, मनाच्या आजारपणातून, वाट काढलेली आहे. तिच्यासोबत मी हा सिनेमा कधीच बघू शकणार नाही. कारण त्याचा अर्थ काय निघतो? तुमच्यावर आघात झाला असेल तर तो तुम्हाला आठवड्याभरात खाणार, आणि जाता जाता जो तुमच्याजवळ उभा असेल त्यालाही लागणार. रोझ शेवटी जुन्या घरी जाते, आईच्या आठवणीला सामोरी जाते, पेटता दिवा फेकून त्या राक्षसाला जाळते, माजी मित्र जोएलकडे येते आणि म्हणते की मला एकटं राहायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि पुढच्याच मिनिटाला कळतं की हा सगळा भास होता, ती अजून त्याच घरात आहे. मग ती जोएलसमोर स्वतःला पेटवून घेते आणि पुढचा नंबर त्याचा.

म्हणजे धीर करून भूतकाळाकडे बघणं हासुद्धा सापळाच? हे कुणाला ऐकवताय तुम्ही? जे आधीच मानतात की आपण सगळ्यांना ओझं आहोत, त्यांना?

सावनी:

अस्मि, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. ज्यांना हे रोजचं जगणं आहे त्यांच्यासाठी तो शेवट घाव आहे, हे मान्यच.

पण एक गोष्ट विचारात घ्या. रोझ त्या ओसाड घरी का जाते? आपण मेलो तर बघणारं कुणी नको, म्हणून. ते मरणाऱ्याकडून बघणाऱ्याला लागतं, साक्षीदार नसेल तर साखळी तुटेल. म्हणजे ती स्वतःला वाचवायला गेलेली नाही, इतरांना आपल्यापासून वाचवायला गेली आहे. तुम्ही म्हणता तेच, ‘मी ओझं आहे’. माझ्या मते तो राक्षस तिला आईच्या आठवणीतून जितका पकडतो, त्याहून जास्त या एकटं जाण्यातून पकडतो. सिनेमा याला शहाणपण म्हणत नाही. तो त्याचा परिणाम दाखवतो, आणि तो भयंकर आहे.

रेवा:

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

सिनेमातलं इस्पितळ हे सिनेमातलं इस्पितळ आहे, त्याला पाठ्यपुस्तक समजू नये. पण पहिल्या खोलीतला प्रसंग आमच्यापैकी बऱ्याच जणांना टोचेल. समोरचा माणूस सांगतो की मला अमुक दिसतं, ते मला मारणार आहे. अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात. ‘असं काही नसतं’ म्हणून समजूत घालायची, किंवा वाद नको म्हणून ‘हो हो, असेल’ म्हणून मान डोलवायची. दोन्ही चूक. त्याला दिसतं आहे ते बाहेर आहे की नाही, यावर माझं मत त्या घडीला बिनमहत्त्वाचं असतं. त्याची भीती मात्र शंभर टक्के खरी असते. मग मी काय विचारते? शेवटची झोप कधी झाली. ते दिसतं तेव्हा तुम्ही काय करता. आता, या खोलीत, तुम्हाला सुरक्षित वाटतंय का. स्वतःला काही करून घेण्याचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बरेचदा बोलायची वाट मोकळी होते. बाहेर लोकांना नेमकं उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

म्हणजे विश्वास ठेवणं आणि ऐकून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमलं नाही तरी दुसरं जमू शकतं. रोझच्या भोवतालची माणसं पहिलं जमत नाही म्हणून दुसरंही सोडून देतात.

ट्रेव्हरचं वागणं बघा. त्याने तिच्या आईच्या आजाराबद्दल वाचलंय, हे आनुवंशिक असू शकतं ते त्याला कळलंय, आणि हे तो तिला सांगतो कसं? आरोप केल्यासारखं. घाबरलेल्या माणसाला आपल्यामागे सल्लामसलत चालली आहे असं वाटलं की तो सगळ्यात आधी बोलायचं बंद करतो.

अस्मि, तुमच्या मुद्द्यात वास्तवातला एक धागा आहे. आत्महत्येच्या बातम्या फार भडक आणि बारीकसारीक तपशिलांनिशी आल्या तर काही काळ तशा घटना वाढतात. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने 1974 मध्ये हे दाखवून दिलं आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं. बातम्या कशा द्याव्यात याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत त्या याचमुळे. पण याची दुसरी बाजूही तितकीच अभ्यासलेली आहे. कुणी त्या टोकावरून परत आल्याच्या कहाण्या लोकांपर्यंत पोचल्या तर त्याचा उपयोग होतो. ‘स्माइल’मध्ये ती दुसरी बाजू औषधालाही नाही. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

घुमट:

रेवा, फार मोलाचा प्रतिसाद. तुमच्या ‘ऐकून घेणं’वरून कार्ल आठवला. तो रुग्ण, जो आपल्या नादात पुटपुटत बसलेला असतो की सगळे मरणार. लॉराच्या मृत्यूनंतर रोझला तो तिच्याकडे बघून हसताना, ओरडताना दिसतो. ती आरडाओरडा करून कर्मचाऱ्यांना बोलावते आणि त्याला बांधून ठेवायला लावते. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं. देसाई तिला सुट्टीवर पाठवतात ते यामुळे. म्हणजे देसाईंच्या जागी कुणीही असतं तरी त्याने हेच केलं असतं, आणि तेही रुग्णांच्या भल्यासाठी. अविश्वास दाखवणारी माणसं मूर्ख किंवा दुष्ट नाहीत, हे सिनेमाचं बळ आहे.

जुना_प्रेक्षक:

या सगळ्या चर्चेत 1982 चा ‘द एंटिटी’ यायलाच हवा. दिग्दर्शक सिडनी फ्युरी, मुख्य भूमिका बार्बरा हर्शी. ‘स्माइल’ ज्या वाटेने जातो ती वाट या सिनेमाने चाळीस वर्षं आधी तुडवली, आणि माझ्या मते जास्त खोलवर नेली.

कार्ला मोरान ही लॉस एंजेलिसमधली, तीन मुलांना एकटीने वाढवणारी आई. रात्री तिच्या खोलीत, न दिसणारं काहीतरी तिच्यावर बलात्कार करतं. पुन्हा पुन्हा. फ्रँक डी फेलिटाची 1978 ची कादंबरी त्यामागे आहे, आणि कादंबरीमागे 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत एका बाईने सांगितलेली हकिगत. ती हकिगत खरी की खोटी या फंदात मी पडत नाही. सिनेमा बघताना तो प्रश्न पडतही नाही, कारण हर्शीचा चेहरा. हल्ला झाल्यानंतर ती मुलांना गोळा करून मध्यरात्री मैत्रिणीच्या घरी जाते. काय झालं ते धड सांगताही येत नाही. तिला ठाऊक असतं की ही गोष्ट कुठल्याही शब्दांत सांगितली तरी ऐकणारा आधी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघणार.

ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, डॉक्टर स्नायडरमन. रॉन सिल्व्हरने ही भूमिका अशी केली आहे की राग यावा आणि दयाही यावी. त्याला खरंच तिला बरं करायचंय. तो तिचं बालपण खणतो, वडिलांचा कडकपणा, पहिलं लग्न, सगळं काढतो, आणि प्रत्येक उत्तर त्याच्या निदानात चपखल बसतं. एक प्रसंग आहे, अनेक डॉक्टर एका खोलीत बसून तिला प्रश्न विचारतात. ती बाहेर गेल्यावर खोलीत जे बोलणं होतं ते ऐका. तिच्या अंगावरच्या जखमांचं उत्तर त्यांच्याकडे आहे, तिने स्वतःच करून घेतल्या. बलात्कार झालेल्या बाईला शतकानुशतकं जी वाक्यं ऐकावी लागली ती सगळी इथे वैद्यकीय भाषेत येतात. भूत न मानणाऱ्या माणसालाही हा सिनेमा कळतो तो इथे.

आता मूळ मुद्दा. ‘द एंटिटी’मध्ये पुढे तिच्यावर विश्वास ठेवणारी माणसं भेटतात. विद्यापीठातले परामानसशास्त्राचे संशोधक. घरात उपकरणं लावतात, प्रकाशाचे झोत बघतात, आनंदाने हुरळून जातात. कार्ला रडते, कारण पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय की हे खरं आहे. पण त्यांना हवं काय असतं? पुरावा. ते तिच्या घराची हुबेहूब प्रतिकृती एका मोठ्या सभागृहात उभी करतात, तिला आमिष म्हणून त्यात ठेवतात, आणि ती शक्ती आली की द्रवरूप हेलियमने गोठवायची असा बेत आखतात. म्हणजे एका गटाने खोटी ठरवली, दुसऱ्याने खरी ठरवली, आणि दोघांच्याही हातात ती फक्त एक प्रकरण. रेवाताई म्हणाल्या त्याची दुसरी बाजू इथे आहे. विश्वास ठेवूनही ऐकून न घेणारी माणसं असतात.

सावनी:

जुना_प्रेक्षक, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी थबकलेच. ‘स्माइल’मध्ये असा माणूस जोएल. तो पोलीस आहे, जुनी प्रकरणं काढतो, साखळी जुळवतो, प्रत्येकजण आधीच्याचा मृत्यू बघितल्यावर आठवड्याभरात गेलाय हे शोधून काढतो. या साखळीतून जिवंत सुटलेल्या, तुरुंगातल्या रॉबर्ट टॅलीपर्यंत तिला नेतो. पण त्याचा विश्वास कागदपत्रांमुळे बसला आहे, तिच्या बोलण्यामुळे नाही. तरी निदान तो शेवटी तिच्या मागे त्या घरापर्यंत येतो. आणि तेच त्याच्या मुळावर येतं. किती वाईट आहे हे.

रातराणी_:

प्राध्यापकांच्या बायकोचा प्रसंग कुणीच काढला नाही. रोझ तिला भेटायला जाते. ती बाई नवऱ्याने काढलेली ती हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवते. सगळं सांगते. आणि रोझ जेव्हा म्हणते की मलाही तेच दिसतंय, तेव्हा तीच बाई तिला घराबाहेर काढते. जिने हे सगळं नवऱ्यापायी स्वतः भोगलंय तिलाही दुसऱ्यांदा ऐकवत नाही. मला तिचा अजिबात राग आला नाही.

कोंभ:

थोडा विरोधी सूर. मला वाटतं की ‘स्माइल’ प्रेक्षकाला फार लवकर सांगून टाकतो की भूत खरं आहे. तिथे मजा गेली. 1961 चा ‘द इनोसंट्स’ घ्या. डेबोरा करची गव्हर्नेस भुतं बघते, मुलांना वाचवायला धडपडते, आणि सिनेमा संपला तरी आपल्याला ठरवता येत नाही की घर झपाटलंय की ती. ‘कुणीच विश्वास ठेवत नाही’ याची खरी गंमत तेव्हा आहे जेव्हा आपणही त्या ‘कुणीच’मध्ये असतो.

सावनी:

कोंभ, ‘द इनोसंट्स’ माझाही फार आवडता. पण तिथली भीती वेगळी. तिथे प्रश्न आहे, खरं काय? ‘स्माइल’मध्ये खरं काय ते आपल्याला पहिल्या वीस मिनिटांत कळलंय. म्हणजे सबंध जगात रोझवर विश्वास ठेवणारे फक्त आपण, आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही. भाच्याच्या वाढदिवसाला ती आगगाडीचा खेळ बांधून नेते. ते खोकं उघडेपर्यंत किती वेळ लावलाय बघा. पोरं गोळा झालीत, गाणं म्हणून झालंय, कागद फाटतोय, मुलाचा चेहरा हळूहळू बदलतो. आत रोझचं मेलेलं मांजर. सगळे रोझकडे बघतात, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला दुसरा कुठला अर्थ लावताच येणार नाही. ती ओरडून सांगते की हे मी नाही केलं. आपल्याला माहीत आहे की तिने ते केलं नाही. आपल्याला हेही माहीत आहे की तिथे असतो तर आपणही मुलांना घेऊन मागे सरकलो असतो. संशय ठेवून हा प्रसंग इतका दुखला नसता.

कोंभ:

वाढदिवसाच्या प्रसंगापुरतं मान्य. बाकी सिनेमात दचकवायचे प्रकार जास्तच आहेत. गाडीच्या खिडकीतून बहिणीची मान लोंबते ते दृश्य नसतं तरी काही अडलं नसतं.

काजवा:

‘रोझमेरीज बेबी’चे डॉक्टर हिल आठवतात का कुणाला? 1968 चा. गरोदर रोझमेरी (मिया फॅरो) पळत पळत त्यांच्या दवाखान्यात येते, सैतानभक्त शेजाऱ्यांचा सगळा कट सांगते. ते शांतपणे ऐकतात, पडून राहा म्हणतात. ती किती दिवसांनी निर्धास्त होऊन डोळे मिटते. आणि हिल, ज्यांच्यापासून ती पळते आहे त्याच डॉक्टर सेपरस्टीनला आणि नवऱ्याला फोन करून बोलावून घेतात. त्या सिनेमातली सगळी म्हातारी सैतानभक्त मंडळी एका बाजूला आणि तो सज्जन डॉक्टर एका बाजूला. मला तोच लक्षात राहिला.

जुना_प्रेक्षक:

काजवा, अगदी बरोबर. आणि तो डॉक्टर कटात सामील नाही, हीच तर मेख आहे.

मिनू२:

आपल्याकडचा राम गोपाल वर्माचा ‘भूत’ (2003) या यादीत बसेल का? ऊर्मिला मातोंडकरचं काम जबरदस्त होतं.

घुमट:

मिनू२, काम जबरदस्तच. पण तिथे नवरा तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो, आणि ते जमत नाही म्हटल्यावर मांत्रिक बाईला, म्हणजे रेखाला बोलावतो. स्वातीचं (ऊर्मिलाचं) बदललेलं वागणं त्याच्या डोळ्यांसमोर घडतंय, त्यामुळे ती एकटी पडत नाही. घरचं माणूस बाजूला उभं असलं की त्याच भुताची गोष्ट केवढी बदलते!

अस्मि:

दोन दिवस विचार करत होते.

सावनी, एकटीने त्या घरी जाण्याबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला पटलं. ‘मी कुणाला त्रास देणार नाही’ म्हणून लांब जाणं हीच सगळ्यात घातक पायरी असते, हे मी जवळून बघितलंय. सिनेमा ते दाखवतो हे खरं. पण माझी तक्रार कायम आहे. जोएलकडे जाण्याचा तो प्रसंग खरा ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. त्याने दार उघडलं, ती आत आली, आणि ती गोष्ट अजून तिच्यासोबत आहे असं दाखवलं असतं तरी चाललं असतं.

जेनिफर केंटच्या ‘द बाबाडूक’मध्ये (2014) तेच आहे. नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखाने पिळून निघालेली आई, कुणालाच तिची अवस्था कळत नाही, बहीणसुद्धा तोंड फिरवते. शेवटी तो राक्षस मरत नाही. तो तळघरात राहतो, आणि ती रोज खाली जाऊन त्याला किडे खायला घालते. एके दिवशी त्याच्या अंगावर येण्याने ती डगमगते, पण त्याला शांत करते आणि वर येते. वर अंगणात मुलगा वाट बघत असतो. माझ्या जवळच्या व्यक्तीला मी हा सिनेमा दाखवला. तिने शेवट बघून विचारलं, ‘रोज खाली जावं लागतं का?’ मी म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, ‘चालेल.’

रेवा:

अस्मि, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी ज्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलत होते ती हीच.

घुमट:

‘स्माइल 2’ (2024) बद्दल दोन ओळी, कारण तिथे अविश्वासाचं कारण बदलतं. नायिका स्काय रायली ही मोठी पॉपस्टार, भूमिका नाओमी स्कॉटची. ती व्यसनातून बाहेर आलेली आहे, आणि ज्या अपघातात तिचा मित्र गेला त्यातून ती वाचलेली आहे. त्यामुळे तिने काहीही सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न, परत सुरू केलंस का? तिची आईच तिचा व्यवसाय सांभाळते. दौरा ठरलेला, पैसा अडकलेला, लेकीचं ऐकायचं तर सगळं थांबवावं लागेल. रोझच्या माणसांना तिचं ऐकणं जमत नव्हतं, इथल्यांना ते परवडत नाही. शेवटाबद्दल बोलत नाही, पण ज्या साखळीला एक साक्षीदार पुरे होता तिथे आता भरगच्च प्रेक्षागृह आहे एवढंच सांगतो. काम म्हणून नाओमी स्कॉट मला सोसी बेकनपेक्षाही उजवी वाटली.

कोंभ:

सहमत. पहिल्यापेक्षा दुसरा जास्त आवडला. तिच्या घरात ते नाचणारे सगळे एकदम अंगावर येतात तो प्रसंग विलक्षण आहे.

रातराणी_:

मला लॉराबद्दल बोलायचंय. सगळे रोझबद्दल बोलतात. लॉरा स्वतः शिकलेली, स्वतःची अवस्था नीट मांडू शकणारी मुलगी आहे. ती चेहऱ्यांचं जे वर्णन करते ते पुढे शब्दशः खरं ठरतं. म्हणजे सिनेमातली पहिली साक्ष तिची, आणि संपूर्ण खरी. तरी तिच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल? रोझ पुढे एवढी धावपळ करते, पण लॉराच्या आईवडिलांना जाऊन ‘तुमची मुलगी खरं बोलत होती’ असं सांगणारं कुणी सिनेमात नाही. मला ते फार लागलं.

सावनी:

रातराणी, हे माझ्याही मनात आलं नव्हतं. फिनच्या ज्या लघुपटावरून हा सिनेमा झाला, 2020 चा, त्याच्या नावातच लॉरा आहे, ‘लॉरा हॅजन्ट स्लेप्ट’. तीच अभिनेत्री, केटलिन स्टेसी. तिथे लॉराच मुख्य पात्र आहे, आणि ती थेरपिस्टला आपल्या स्वप्नातल्या हसणाऱ्या माणसाबद्दल सांगते आहे. म्हणजे मूळ गोष्ट तिचीच होती. सिनेमात ती एका खोलीपुरती उरली. लघुपट छोटासाच आहे, मिळाला तर जरूर बघा. त्यानंतर सिनेमातला पहिला प्रसंग पुन्हा बघताना रोझकडे लक्षच जात नाही.

मिनू२:

‘द एंटिटी’ आज रात्री बघायचा विचार आहे. एकटीने बघण्यासारखा आहे का?

जुना_प्रेक्षक:

मिनू२, शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन बघा, आणि दिवसा. भुतापेक्षा लैंगिक हिंसेची दृश्यं जास्त त्रास देतात, आणि ती पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतात. चार्ल्स बर्नस्टाइनचं संगीत प्रत्येक हल्ल्याच्या वेळी हातोड्यासारखं आदळतं, तेव्हा आवाज कमी ठेवा. मध्येच बंद करावासा वाटला तर खुशाल बंद करा. पण डॉक्टरांच्या खोलीतला प्रसंग मात्र बघा, आणि बघून झालं की इथे लिहा.